बाळंतिणीची वाटी आणि तिरामिसू

२०१७ साली इटलीच्या कृषी मंत्रालयानं देशातल्या पारंपरिक पदार्थांच्या यादीत तिरामिसू घातलं आणि ते फ्रिउली प्रांताच्या नावावर लावलं. शेजारच्या व्हेनेतो प्रांताचे तेव्हाचे प्रमुख लुका झाया यांनी लगेच हरकत घेतली. त्यांच्या लेखी हा पदार्थ त्रेव्हिजो शहरातला, म्हणजे व्हेनेतोचा. त्याच वर्षी आपल्याकडे बंगालला रसगुल्ल्याचं भौगोलिक मानांकन मिळालं होतं आणि ओडिशानं आपला हक्क सोडला नव्हता. दोन वर्षांनी ओडिशालाही ते मिळालं. मी ही दोन्ही भांडणं मन लावून वाचली. मी आष्टीत, वर्धा जिल्ह्याच्या अगदी टोकाच्या या गावात, ऑर्डरवर खाण्याचे जिन्नस करून देते. त्यातले बरेचसे बाळंतिणीचे असतात. आणि तिरामिसूची जन्मकथा जसजशी वाचत गेले, तसतशी ती मला हॉटेलातली कमी आणि बाळंतिणीच्या खोलीतली जास्त वाटू लागली.

त्रेव्हिजो हे व्हेनिसच्या उत्तरेचं जवळचं शहर. तिथलं 'ले बेकेरिए' हे रेस्तराँ आदो काम्पेओल आणि त्यांची पत्नी आल्बा चालवत. त्यांच्या घरात सांगतात ती हकीकत अशी. मुलगा कार्लो झाला तेव्हा आल्बा पार थकून गेली होती. सासूनं अंड्याचा बलक आणि साखर फेटून, त्यात कॉफी घालून तिला वाटी दिली. तिला तरतरी आली. कामावर परतल्यावर तिनं रेस्तराँमधला तरुण मिठाईगार रोबेर्तो लिंग्वानोत्तो याला सोबत घेऊन त्या वाटीचा थरांचा पदार्थ बसवला. लिंग्वानोत्तो सांगायचा ते थोडं निराळं होतं. व्हॅनिला आइस्क्रीमसाठी अंडी आणि साखर फेटताना भांड्यात मास्कारपोने, म्हणजे सायीपासून केलेलं मऊ चीज, पडलं. चव आवडली, त्यानं आल्बाला दाखवली, आणि दोघांनी मिळून त्यात कॉफीत बुडवलेली बिस्किटं आणि वर कोको आणला. १९७२ साली तिरामिसू ले बेकेरिएच्या मेनूवर आलं. जुझेप्पे माफ्फिओली या खाद्यलेखकानं १९८१ मध्ये त्यावर लेख लिहिला, तेव्हाही तो पदार्थ नवाच समजला जात होता. आदो काम्पेओल २०२१ मध्ये ९३ व्या वर्षी गेले, लिंग्वानोत्तो २०२४ मध्ये ८१ व्या वर्षी. म्हणजे जगभर पोचलेल्या या पदार्थाचं वय माझ्या थोरल्या बहिणीएवढंच आहे.

मला या दोन हकीकतींत भांडण दिसत नाही. फेटलेल्या बलकाची वाटी त्या मुलखातल्या शेतकऱ्यांच्या घरात फार आधीपासून होती. तिला तिकडे 'स्बातुदीन' म्हणतात आणि ती पोरांना, म्हाताऱ्यांना, दुखण्यातून उठलेल्यांना, बाळंतिणींना देत. सासूनं सुनेला दिली ती हीच. मिठाईगाराच्या हातून मास्कारपोने पडलं तेही अंडं आणि साखरेच्या भांड्यातच. मूळ वाटी घरची होती. तिला थर आणि मेनूवरची ओळ हॉटेलनं दिली.

फ्रिउलीची बाजूही अशीच घराकडे जाते. जीजी पादोव्हानी आणि क्लारा व्हादा पादोव्हानी या दांपत्यानं २०१६ मध्ये तिरामिसूवर आख्खं पुस्तक लिहिलं आणि पुरावे फ्रिउलीकडे झुकवले. त्यात तोल्मेत्सो या डोंगरी गावातल्या 'आल्बेर्गो रोमा' या हॉटेलच्या नोर्मा पिएल्ली आहेत. १९५० च्या दशकात त्यांनी एका जुन्या गोडाच्या कृतीत बदल केला. ती कृती पेलेग्रीनो आर्तुसी यांच्या १८९१ च्या पाकशास्त्राच्या पुस्तकातली. इटलीत त्या पुस्तकाला आपल्याकडच्या 'रुचिरा'सारखा मान आहे. मूळ कृतीत लोणी होतं. नोर्माबाईंनी लोण्याच्या जागी मास्कारपोने घातलं आणि बिस्किटं कॉफीत भिजवली. पिएरिस गावच्या मारिओ कोझोलो यांचा कपातला गोड पदार्थ याहून जुना, पण त्याची बांधणी वेगळी, म्हणून मी तो बाजूला ठेवते. त्रेव्हिजोतच 'आल फोगेर' या रेस्तराँच्या स्पेरान्झा गारात्ती यांचाही दावा आहे. नावं मोजली तर यात बायकाच जास्त निघतात. तरी बातम्यांत 'तिरामिसूचा जनक' असंच छापून येतं.

आता कॉफी. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी ती सतराव्या शतकात आणली; तिथलं पहिलं कॉफीघर १६८३ चं मानतात आणि १७२० मध्ये उघडलेलं 'फ्लोरियान' आजही सुरू आहे. पण हिंदुस्थानात कॉफी व्हेनिसच्या मागून आली असं नाही. इंग्रज वकील सर टॉमस रो जहांगीराच्या दरबारात आला, तेव्हा त्याच्यासोबतचा पाद्री एडवर्ड टेरी यानं लिहून ठेवलं आहे की इथले धर्माचे कडक लोक दारूला शिवत नाहीत, कॉफी नावाचं पेय पितात. हे १६१६ ते १६१९ च्या दरम्यानचं. आष्टीचं नाव निघालं की लोकांना 'चले जाव' चळवळीतला १६ ऑगस्ट १९४२ चा उठाव आठवतो आणि तो आठवायलाच हवा. पण गावात त्याआधीचं जे भव्य उभं आहे ते याच जहांगीराच्या काळाला जोडलेलं. बादशहानं आष्टीचा परगणा नवाब मुहम्मदखान नियाझीला जहागीर दिला. नवाब १६२७ मध्ये वारला आणि त्याच्यावर मोगली थाटाचा मकबरा बांधला गेला. शेजारी त्याच्या मुलाचा धाकटा मकबरा आहे. आमच्या गावच्या पोरांना मी हे मुद्दाम सांगते. व्हेनिसमध्ये कॉफीघर उघडायच्या अर्धशतकाहून जास्त आधी, आपल्या नवाबाला जहागीर देणाऱ्या दरबाराच्या मुलखात कॉफी उकळत होती.

कॉफीची झाडं मात्र नंतरची. बाबा बुदान यांनी मक्केहून परतताना सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्यासाठी जवळचा डोंगर चिखलदऱ्याचा. आष्टीहून तळेगाव, तिवसा, अमरावती, परतवाडा आणि मग घाट. हैदराबाद पलटणीतला कॅप्टन रॉबिन्सन १८२३ मध्ये तिथे पोचला असं सांगतात. उंची १,११८ मीटर, हवा गार, आणि इंग्रजांच्या काळात तिथे कॉफी लावली गेली. महाराष्ट्रात कॉफी पिकणारं ठिकाण म्हणून आजही चिखलदऱ्याचंच नाव घेतात. लागवड थोडी, माल थोडा. फिरायला गेलेला माणूस पुडी घेऊन येतो, आणि मी कुणी निघालं की पैसे देऊन ठेवते. तिची भाजणी सारखी नसते, एखादी पुडी जास्त काळी निघते, पण दुधात न मारता काळीच प्यायली तर तिला एक स्वच्छ, किंचित आंबूस चव आहे. तिरामिसूला अशीच कॉफी लागते. डब्यातल्या कॉफीनं नुसता कडवटपणा येतो.

आमच्या घरांत कॉफी पाहुण्यांची आणि आजाऱ्यांची. चहा रोजचा, कॉफीला जायफळ किसायचं, वेलची घालायची, दूध आटू द्यायचं. माझ्या लहानपणी कॉफीच्या वड्या मिळत, साखरेत कॉफी आणि जायफळ दाबून केलेल्या. गरम दुधात वडी टाकली की झालं. ताप उतरलेल्या पोराला आत्या तीच द्यायची, सोबत टोस्ट. आणि लग्नातली 'एक्सप्रेसो'! मांडवाच्या कोपऱ्यात पितळी नळीचं यंत्र फुसफुसायचं, दुधावर फेसाचा डोंगर यायचा आणि त्यावर चिमूटभर चॉकलेट पावडर पडायची. मिलानच्या लुइजी बेत्सेरानं १९०१ मध्ये वाफेच्या दाबानं झटपट कॉफी काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. आमच्या मांडवातलं यंत्र त्याच्या फार लांबच्या नात्यातलं, वाफ फक्त दूध फेसाळायला. पण दुधाच्या फेसावर कॉफी आणि कोको ही चव आष्टी, आर्वी, कारंज्याच्या माणसाला लग्नाच्या मांडवानंच शिकवली. माझ्या तिरामिसूचा पहिला घास घेऊन शेजारच्या काकू म्हणाल्या, "हे त लग्नातल्या कॉफीची मलाई होय वं बाई!" मला यापेक्षा नेमकं वर्णन कुणी केलेलं आठवत नाही.

वर्धा जिल्ह्यात कॉफीवर लिहायचं आणि सेवाग्राम सोडायचं, हे मला जमणार नाही. गांधीजी १९३६ मध्ये शेगावात राहायला आले. पुढे त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. चहा, कॉफी, कोको यांतलं काहीच शरीराला लागत नाही, असं त्यांनी १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत लिहिलेल्या आरोग्यावरच्या पुस्तकात स्पष्ट म्हटलं आहे. आणि त्याच माणसाची आश्रमातली एक आठवण सांगतात. दक्षिणेकडचा एक तरुण आमांशानं अंथरुणाला खिळला होता. दुखणं ओसरलं, पण त्याला कॉफीची फार आठवण यायची. गांधीजी रोग्यांची विचारपूस करायला आले तेव्हा त्यानं ती मागितली. त्यांनी स्वतः स्वयंपाकघरात जाऊन हलकी कॉफी केली, टोस्ट भाजले आणि ताट झाकून त्याच्यापुढे आणून ठेवलं. नियम आपल्या जागी आणि दुखणाईताला काय हवं ते आपल्या जागी. त्रेव्हिजोच्या सासूनं वाटी दिली त्याच्या आधीची ही गोष्ट आहे आणि माझ्या मते ही दोन्ही कामं एकाच जातीची.

मास्कारपोने या गावात मिळत नाही. पण दुधाच्या बाबतीत आमचा तालुका कुणापुढे हात पसरणारा नाही. आर्वी, आष्टी, कारंजा हा गवळाऊ गायींचा मुलूख. पांढरी, लांबट तोंडाची, चपळ गाय. बैल गाडीला आणि धावायला प्रसिद्ध, दूध बेताचं पण दाट. नंदगवळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या जंगलात चारून हा वाण राखला. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला सरकारी पैदास केंद्र आहे. वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी शेवटचं वर्ष गोसेवेलाच दिलं. १९४१ मध्ये गोसेवा संघ निघाला आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये ते गेले. त्या कामातून उभं राहिलेलं गोरस भांडार आणि त्याचा गोरसपाक वर्ध्याहून येणारा प्रत्येक माणूस आणतो. गायीच्या तुपातला, तोंडात टाकताच विरघळणारा.

म्हणून सुरुवातीला मला सगळ्यांनी सल्ला दिला: इटालियन बिस्किटाच्या जागी गोरसपाक लाव. तो लागत नाही, आणि का लागत नाही हे समजून घेण्यासारखं आहे. तिरामिसूचं बिस्किट म्हणजे साव्होयार्दी. पंधराव्या शतकापासून साव्होय घराण्याच्या दरबाराशी त्याचं नाव जोडलेलं. त्यात लोणी-तूप औषधालाही नसतं. नुसती फेटलेली अंडी, साखर, मैदा. आत हवेची छिद्रं, बाहेर कोरडं. कॉफीत बुडवताच ते पितं. गोरसपाकाच्या प्रत्येक कणाला तुपाचं अस्तर असतं, त्यात कॉफी शिरतच नाही, कडा तेवढी ढासळते. गोरसपाक त्याच्या जागी राजा आहे. त्याला इथे राबवू नये. मी साव्होयार्दी घरीच करते. ती साधत नसतील तर बेकरीतला साधा टोस्ट, तो आत्याच्या कॉफीत भिजायचा तसाच इथेही भिजतो.

चक्क्याचाही सल्ला मिळतो, आणि तोही मला मान्य नाही. चक्का दह्याचा, त्यात विरजणाचा आंबटपणा मुरलेला असतो. श्रीखंडात साखर आणि केशर त्या आंबटपणाला तोलून धरतात. कॉफीपुढे तो फाटल्यासारखा लागतो. मास्कारपोनेत विरजण नसतंच. लोंबार्दीतल्या लोदीच्या बाजूला ते सायीचं करतात, आणि कृती आपल्या पनीरच्या जवळची आहे. मी म्हशीच्या दुधाची ताजी, न आंबलेली साय घेते. गायीच्या दुधावर इतकी साय धरत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात, मंद आचेवर, सतत ढवळत ती तापवायची. उकळी येऊ द्यायची नाही. कडेला बारीक बुडबुडे येऊन वाफ धरली, साधारण ८५ अंश, की लिटरभर सायीला दोन मोठे चमचे निंबाचा रस. दुधात निंबू पिळलं की चोथा आणि पाणी वेगळं होतं. सायीत तसं होत नाही. तिच्यातली चरबी इतकी असते की जे आकसतं ते तिला धरूनच आकसतं आणि सगळं मिळून कढीसारखं दाटतं. डाव उलटा करून पाठीवरून बोट फिरवायचं. रेघ तशीच राहिली म्हणजे झालं. गार करून दुहेरी मलमलच्या फडक्यात, चाळणीवर, फ्रीजमध्ये रात्रभर. खाली वाटीत पिवळसर पाणी जमतं. सकाळी फडक्यातून जो गोळा निघतो तो चमच्यावर उभा राहतो आणि जिभेवर गोडसर लागतो. निंबाची आठवणसुद्धा नसते.

२०१० मध्ये त्रेव्हिजोच्या मंडळींनी ले बेकेरिएची कृती नोटरीपुढे नोंदवून टाकली. बारा बलक, अर्धा किलो साखर, एक किलो मास्कारपोने, साठ बिस्किटं, कॉफी आणि कोको. एवढंच. दारू नाही, अंड्याचा पांढरा नाही, फेटलेलं क्रीम नाही. पोरांनी आणि म्हाताऱ्यांनीही खावं म्हणून दारू ठेवली नाही, असं कुटुंबाचं म्हणणं. मी याच प्रमाणाची निमपट घेते. एक फरक मी करतेच: बलक कच्चा ठेवत नाही. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाडगा धरून, साखरेसकट, फेटत राहायचं, बोटाला चटका बसेल इतका तापेपर्यंत. ७० अंश ओलांडायला हवेत. मिश्रण फिकट होतं, फुगतं, रवीवरून जाड पट्टीसारखं खाली येतं. ओल्या बाळंतिणीच्या, लहान पोराच्या घरी जाणाऱ्या पदार्थात कच्चं अंडं मी घालणार नाही. बिस्किट कॉफीत बुडवायचं ते गार कॉफीत, एक बाजू, दुसरी बाजू आणि बाहेर. जरा रेंगाळलं की तळाला चिखल.

गावात अंडं न खाणारी घरं पुष्कळ आहेत. नंदगवळी, महानुभाव, इतरही. त्यांच्यासाठी मी बलकाच्या जागी दूध रबडीइतकं आटवून घेते आणि बिस्किटाच्या जागी टोस्ट. ते चवीला उत्तम होतं, ऑर्डरही त्याचीच जास्त असते. पण मी त्याला तिरामिसू म्हणत नाही. माझ्या वहीत आणि डब्यावरच्या चिठ्ठीत ते 'कॉफीची साय' आहे. ज्यांनी नावासाठी प्रांतांची भांडणं ओढवून घेतली, त्यांच्या नावाशी मी तेवढं प्रामाणिक राहते.

त्या नोटरीच्या कागदाचं मला खरं अप्रूप वाटतं. बाळंतिणीच्या वाटीतून निघालेल्या पदार्थाला साक्षीदार आणि शिक्का मिळाला. आमच्याकडच्या बाळंतिणीच्या लाडवांचं माप अजून आत्या, मावशी, सासू यांच्या मुठीत आहे. मूठ सुनेची आणि आत्याची वेगळी, म्हणून एका घरचा लाडू कोरडा आणि दुसऱ्या घरचा तुपकट. तेव्हा माझ्या आत्यानं मला दिलेलं, मी किलोत तोलून घेतलेलं माप इथे छापून ठेवते. खारकेची पूड अर्धा किलो, किसून भाजलेलं सुकं खोबरं अर्धा किलो, डिंक पाव किलो, गोडंबी शंभर ग्रॅम, खसखस शंभर ग्रॅम, अळीव पन्नास ग्रॅम, सुंठ दोन चमचे, एक जायफळ, गूळ अर्धा किलो, गायीचं तूप अर्धा किलो. डिंक उन्हात तापवून घ्यावा आणि थोडा थोडाच तळावा. आत कच्चा राहिला तर दाताला चिकटतो. गोडंबी तुपात वेगळी परतावी, ती लवकर करपते. गुळाचा पाक करायचा नाही, तुपात नुसता विरघळला की आच बंद, आणि हाताला सोसेल तितकं गरम असतानाच वळायचे, कारण गार झालं की खारीक पुन्हा धरत नाही.